झेड-८० च्या बोर्डाला वायफाय कसं जोडायचं: पहिल्या वायरपासून पहिल्या पानापर्यंत

घरी जुळवलेला झेड-८० या जुन्या आठ बिटच्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर आहे, त्यावर सीपी/एम ही त्या काळातली ऑपरेटिंग सिस्टीम चालतंय, टर्मिनलवर ड्राइव्ह ए चा प्रॉम्प्ट येऊन बसलाय, बेसिकमध्ये दोनचार प्रोग्राम लिहून झालेत आणि मग एक दिवस डोक्यात येतं की याला नेट लावता आलं तर काय मजा येईल. मलाही तेच झालं. त्यात माझे चार रविवार गेले, आणि खरं सांगायचं तर त्यातले तीन निव्वळ माझ्या धांदरटपणात गेले, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

माझा बोर्ड आरसी२०१४ या घरी जुळवायच्या किटच्या घराण्यातला आहे. झेड-८० प्रोसेसर, ६४ केबी रॅम, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर सीपी/एम २.२, आणि एसआयओ/२ ची सिरियल चिप. या चिपला दोन चॅनेल असतात, ए आणि बी. ए वर माझा टर्मिनल आहे (म्हणजे लॅपटॉपच), बी रिकामं होतं. तुमचा बोर्ड वेगळा असला तरी एक रिकामा सिरियल पोर्ट असेल तर खालचं बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त पोर्टचे नंबर बदलतील. रिकामा पोर्टच नसेल तर आधी तो जोडा, एकाच पोर्टवर टर्मिनल आणि नेट दोन्ही चालवायच्या भानगडीत पडू नका.

रस्ते किती आहेत ते थोडक्यात. एक म्हणजे खराखुरा टीसीपी/आयपी (नेटवर बोलायचे नियम) झेड-८० वरच चालवायचा आणि सिरियल वायरवरून स्लिप नावाच्या जुन्या पद्धतीने पॅकेट लिनक्सच्या मशीनला द्यायची. जमतं हे, आठ बिटच्या मशीनवर लोकांनी केलेलं आहे, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने नको. दुसरं, डब्ल्यू५५०० नावाची चिप, तिच्यात टीसीपी/आयपी हार्डवेअरमध्येच आहे आणि इथरनेटची केबल थेट लागते, पण ती एसपीआय (चिपांनी आपसात बोलायची वेगळी पद्धत) बोलते आणि झेड-८० ला एसपीआय येत नाही, मग एकेक बिट हाताने हलवत बसा. तिसरं म्हणजे ईएसपी८२६६. वायफाय, टीसीपी, सगळं तो मॉड्यूल करतो आणि आपल्याशी सिरियलवर साध्या अक्षरात बोलतो. आपण तिसरा घेतोय.

काही लोक नाक मुरडतात, कारण ईएसपी८२६६ मधला प्रोसेसर ३२ बिटचा आणि ८० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या ७ मेगाहर्ट्झच्या झेड-८० पेक्षा कितीतरी ताकदवान. घोड्यापेक्षा लगाम भारी. बरोबर आहे त्यांचं. पण ऐंशीच्या दशकात मोडेमच्या डबीतही एक प्रोसेसर असायचाच की, आणि या मॉड्यूलला द्यायच्या एटी ने सुरू होणाऱ्या कमांड हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासूनच चालत आल्यात. त्यामुळे मला यात बाटल्यासारखं वाटत नाही.

काय काय लागेल

ईएसपी-०१ मॉड्यूल, आठ पिनांचं छोटंसं. काळ्या पीसीबीचं, १ एमबी फ्लॅशचं मागा, जुन्या निळ्यामध्ये बहुतेक वेळा ५१२ केबीच असते आणि पुढे फर्मवेअर बदलायची वेळ आली तर जागा पुरत नाही. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, एएमएस१११७ चालेल. कपॅसिटर (जुन्या दुकानात कंडेन्सर म्हणा, पटकन मिळतो): १० मायक्रोफॅरडचे दोन, ४७० मायक्रोफॅरडचा एक, आणि ०.१ चा एक सिरॅमिक. १ के (किलोओहम) चे तीन रेझिस्टन्स, १० के चे दोन. मेल-फीमेल जंपर वायर. एक यूएसबी ते सिरियल अडॅप्टर. आणि मल्टिमीटर, तो नसेल तर आधी तो घ्या, बाकी नंतर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन आहेच.

ईएसपी-०१ ब्रेडबोर्डवर थेट खोचू नका. त्याच्या पिना चार-चारच्या दोन ओळीत जवळजवळ आहेत, ब्रेडबोर्डच्या एकाच पट्टीत समोरासमोरच्या दोन पिना येतात आणि शॉर्ट होतात. जंपरनेच जोडा.

पायरी १: आधी पॉवर, बाकी सगळं नंतर

माझा पहिला रविवार इथे गेला. ईएसपीला ३.३ व्होल्ट लागतात, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो वायफायवर बोलायला लागला की क्षणभरासाठी ३०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढतो हे विसरायला होतं. यूएसबी-सिरियल अडॅप्टरवर ३.३ लिहिलेली एक पिन असते, ती बघून वाटतं की झालं काम, पण एफटी२३२ चिपच्या त्या पिनेतून जेमतेम ५० मिलिअँपिअर मिळतात. मॉड्यूल चालू होतं, एटी ला ओके म्हणतं, आणि वायफाय जोडायला सांगितलं की रिसेट. परत सांगा, परत रिसेट. मी पासवर्ड चुकला म्हणून राउटर तीनदा बंद-चालू केला, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि चूक होती पॉवरची.

म्हणून बोर्डाचे ५ व्होल्ट घ्या, एएमएस१११७ मधून ३.३ करा. त्याच्या इनपुटला आणि आउटपुटला १०-१० मायक्रोफॅरड, आणि ४७० वाला मोठा व ०.१ चा सिरॅमिक अगदी ईएसपीच्या पिनांजवळ. या रेग्युलेटरच्या पिना नेहमीच्या ५ व्होल्टच्या ७८०५ रेग्युलेटरसारख्या नाहीत हं. अक्षरं आपल्याकडे धरली तर डावीकडून ग्राउंड, आउटपुट, इनपुट असा क्रम आहे, आणि मागचा पत्रा हा ग्राउंड नसून आउटपुट आहे. ७८०५ ची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो.

ईएसपी न लावता आधी मल्टिमीटरने ३.३ येतंय का बघा. मग व्हीसीसी ला ३.३, ग्राउंडला ग्राउंड. सीएच-पीडी नावाची पिन (कुठे कुठे ईएन लिहिलेलं असतं) १० के मधून ३.३ ला जोडायची, ती वर ओढली नाही तर मॉड्यूल उठतच नाही. रिसेटची पिन पण तशीच १० के ने वर. जीपीआयओ० आणि जीपीआयओ२ मोकळ्या ठेवा. जीपीआयओ० चुकून ग्राउंडला लागली तर मॉड्यूल फर्मवेअर भरून घ्यायच्या मोडमध्ये जातं आणि आपल्याशी अबोला धरतं.

पायरी २: झेड-८० बाजूला ठेवा, लॅपटॉपवरून बोला

ही पायरी गाळायचा मोह होतो, गाळू नका. मॉड्यूल, वायर, बोर्ड, प्रोग्राम या चार गोष्टी एकदम नव्या लावल्या तर कुठली बिघडली ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. यूएसबी-सिरियल अडॅप्टर ३.३ व्होल्ट सिग्नलवर सेट करा, त्याचा टीएक्स (पाठवायची पिन) ईएसपीच्या आरएक्सला (घ्यायची पिन), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, आणि पॉवर वर केलेल्या रेग्युलेटरमधूनच. लॅपटॉपवर कुठलाही टर्मिनल प्रोग्राम उघडा, स्पीड ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट.

पॉवर दिल्यावर आधी थोडा कचरा दिसेल. तो कचरा नाही, चिपचा बूट मेसेज ७४८८० च्या विचित्र स्पीडवर येतो म्हणून वाचता येत नाही. त्याच्या पाठोपाठ रेडी असं स्वच्छ दिसलं की स्पीड बरोबर आहे.

आता कमांड. मी त्या इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही तीच अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये, मधे स्पेस न सोडता मारायची. नुसतं एटी आणि एंटर. ओके यायला पाहिजे. काहीच आलं नाही तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण एकच असतं: मॉड्यूलला ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याच्या दोन न दिसणाऱ्या खुणा) दोन्ही लागतात, आणि टर्मिनल एंटरला फक्त सीआर पाठवतं. सेटिंगमध्ये बदला, नाहीतर एंटरनंतर कंट्रोल-जे दाबा.

मग एटी+जीएमआर, यात फर्मवेअरचं व्हर्जन दिसेल, कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मग एटी+सीडब्ल्यूमोड=१, म्हणजे तू राउटरला जोडणारा, स्वतः हॉटस्पॉट नाही. मग एटी+सीडब्ल्यूजेएपी= आणि पुढे डबल कोटात वायफायचं नाव, स्वल्पविराम, डबल कोटात पासवर्ड. जमलं तर वायफाय कनेक्टेड, मग गॉट आयपी, मग ओके. एटी+सीआयएफएसआर मारलं की मिळालेला आयपी पत्ता दिसतो.

नाही जमलं तर तीन गोष्टी बघा. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, ५ चं नाव तिला दिसतच नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुनं फर्मवेअर जोडणार नाही. आणि पासवर्डमध्ये स्वल्पविराम, कोट किंवा उलटी तिरकी रेघ असेल तर त्या प्रत्येकाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. पहिल्यांदा मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवून साध्या पासवर्डने करून बघा, वाद मिटतो.

पायरी ३: नेटवरून वेळ आणा

आता पहिला खरा प्रयोग. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचे टाइम सर्व्हर पोर्ट १३ वर डेटाइम नावाची जुनी सेवा देतात. मजा अशी की आपण काहीच पाठवायचं नसतं, जोडलं की तेच एक ओळ फेकतात आणि कनेक्शन बंद करतात. एटी+सीआयपीस्टार्ट= पुढे कोटात टीसीपी, स्वल्पविराम, कोटात टाइम डॉट निस्ट डॉट जीओव्ही, स्वल्पविराम, १३. उत्तरात प्लस आयपीडी, एक आकडा, कोलन, आणि मग ती ओळ. तो आकडा म्हणजे किती बाइट आले. ओळीत आधी पाच आकडी मॉडिफाइड ज्युलियन दिवस (दिवसांचा सलग क्रमांक), मग साल-महिना-तारीख, मग तास-मिनिट-सेकंद. वेळ यूटीसी असते, साडेपाच तास आपणच मिळवायचे. सारखं सारखं मारू नका, चार सेकंदांपेक्षा कमी अंतराने विचारू नये असं त्यांनीच सांगून ठेवलंय.

पायरी ४: आता बोर्डाला जोडा

इथे ५ व्होल्ट आणि ३.३ ची गाठ पडते. एसआयओ चा टीएक्स ५ व्होल्टचा आहे, तो थेट ईएसपीच्या आरएक्सला देऊ नये. नेटवर कोणीतरी सांगतंच की मी दिला आणि चाललं. चालतंही काही दिवस. पण दहा पैशाच्या रेझिस्टन्ससाठी मॉड्यूल कशाला मारायचं. एसआयओ टीएक्स पासून १ के, तिथून ईएसपी आरएक्स, आणि त्याच जोडापासून २ के (१ के चे दोन एकापाठोपाठ) ग्राउंडला. ५ चे दोन तृतीयांश म्हणजे ३.३३ व्होल्ट. उलट्या दिशेला काही लागत नाही, ईएसपीचा ३.३ चा सिग्नल एसआयओ ला आरामात एक म्हणून समजतो.

अजून दोन खड्डे. आरसी२०१४ च्या सिरियल हेडरवर व्हीसीसी ची पिन असते, तिच्यावर ५ व्होल्ट असतात, ती ईएसपीच्या व्हीसीसी ला लावायची नाही. आणि सीटीएस, म्हणजे आता पाठव असं सांगणारी पिन. बायोसने (सीपी/एम चा हार्डवेअर सांभाळणारा भाग) एसआयओ मध्ये ऑटो एनेबल चालू केलेलं असेल तर सीटीएस खाली ओढल्याशिवाय चिप एक अक्षर पाठवत नाही. ईएसपी-०१ वर ती पिन बाहेर काढलेलीच नाही, मग हेडरची सीटीएस सरळ ग्राउंडला बांधून टाका. माझा दुसरा रविवार या एका वायरवर गेला. सगळं बरोबर, एकही अक्षर बाहेर पडत नाही, आणि मी सोल्डर तपासत बसलोय.

पायरी ५: चाळीस ओळींचा टर्मिनल

बोर्डावरून ईएसपीशी बोलायला एक छोटा प्रोग्राम लागतो: बी वर आलेलं ए वर टाक, ए वर दाबलेलं बी वर टाक. बेसिकमध्ये आयएनपी आणि आऊट वापरून लिहावंसं वाटेल, पण ११५२०० च्या स्पीडला दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो आणि बेसिकचं एक वाक्य तेवढ्यात सुरूसुद्धा होत नाही. असेंब्लीच पाहिजे.

माझ्या एसआयओ मॉड्यूलवर पोर्ट असे आहेत: हेक्स ८० ए चं कंट्रोल, ८१ ए चा डेटा, ८२ बी चं कंट्रोल, ८३ बी चा डेटा. कंट्रोल पोर्ट नुसता वाचला की स्टेटस मिळतं, त्यातला बिट ० म्हणजे अक्षर येऊन थांबलंय, बिट २ म्हणजे पाठवायला जागा आहे. आता लूप सरळ आहे. ८२ वाचा, बिट ० असेल तर ८३ मधून बाइट उचला, ८० चा बिट २ येईपर्यंत थांबा, ८१ ला टाका. मग ८० वाचा, की दाबलेली असेल तर ८१ मधून उचला, ती कंट्रोल-ई असेल तर बाहेर पडा, नाहीतर ८२ चा बिट २ बघून ८३ ला टाका, आणि ती एंटर असेल तर पाठोपाठ एलएफ पण टाका. परत वर.

यात एक ग्यानबाची मेख आहे. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये दोन्ही चॅनेल इंटरप्टवर चालतात. म्हणजे बाइट आला की बायोसच तो पळवून आपल्या बफरमध्ये ठेवतो आणि आपला लूप रिकाम्या पोर्टकडे बघत बसतो. त्यामुळे प्रोग्राम सुरू होताच डीआय, म्हणजे इंटरप्ट बंद, मग वरचा लूप दोन्ही पोर्ट थेट वाचून, त्या काळात सीपी/एम ला एकदाही हाक मारायची नाही, आणि बाहेर पडताना ईआय करून वॉर्म बूट. बोर्डावरून एटी मारलं आणि ओके आलं की चहा प्या, अर्धं काम झालं.

पायरी ६: वेगाचं काय करायचं

या सगळ्या खटाटोपात नेट जोडणं हा सोपा भाग निघाला. अवघड निघालं ते आलेलं सांभाळणं.

हिशोब करा. आपलं क्लॉक ७.३७२८ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा मुद्दाम आहे, त्याला ६४ ने भागलं की बरोबर ११५२०० येतं. सेकंदाला ११५२० बाइट, म्हणजे एका बाइटमागे झेड-८० ला ६४० क्लॉक मिळतात. एक इन्स्ट्रक्शन ४ पासून २३ क्लॉक खाते, तर हाताशी साठेक इन्स्ट्रक्शन आल्या. अक्षर उचलून पडद्यावर टाकायला हे भरपूर आहे. पण तेच अक्षर कार्डावर फाइलमध्ये लिहायला गेलात तर तेवढ्या वेळात शेकडो बाइट येऊन जातात, आणि एसआयओ च्या पोटात फक्त तीन बाइट मावतात. बाकीचे गेले. काही एरर येत नाही, फाइल लिहिली जाते, उघडली की मधले मधले शब्द गायब.

नेटवर सल्ला मिळतो की ईएसपीचा स्पीड ९६०० करा. पण माझ्यासारख्या बोर्डावर एसआयओ ला एकच क्लॉक मिळतं आणि ती १, १६, ३२ किंवा ६४ नेच भागते, त्यामुळे ११५२०० हाच सगळ्यात हळू स्पीड आहे, त्याच्या खाली जाताच येत नाही. तुमच्या बोर्डावर वेगळं बॉड क्लॉक असेल तर खुशाल ९६०० करा, एटी+युएआरटी_डीईएफ=९६००,८,१,०,०, आणि हा स्पीड मॉड्यूलच्या फ्लॅशमध्ये कायमचा बसतो हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ११५२०० वर हाका मारत बसाल. दुसरा उपाय म्हणजे ईएसपी-१२ घेणं, त्यावर थांब-पाठव सांगणाऱ्या आरटीएस-सीटीएस च्या पिना बाहेर आलेल्या असतात.

मी तिसरा केला, आणि मला तोच आवडतो. एटी+सीआयपीआरईसीव्हीमोड=१. याने ईएसपी आलेला डेटा आपल्यावर ओतत नाही, स्वतःकडे धरून ठेवतो, फक्त कळवतो की एवढे बाइट आलेत. आपण एटी+सीआयपीआरईसीव्हीडेटा=१२८ म्हटलं की जास्तीत जास्त १२८ देतो आणि गप्प बसतो. त्याचं पोट भरलं तर टीसीपीच पलीकडच्या सर्व्हरला थांबवतं, त्यासाठीच त्यात विंडो असते. म्हणजे लाखो रुपयांचा तो सर्व्हर आपल्या झेड-८० ची वाट बघत उभा. हे पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एकटाच हसत होतो.

१२८ हा आकडा उगाच नाही. सीपी/एम फाइल १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्येच लिहितं, आणि त्याचा ठरलेला बफर हेक्स ००८० वर बरोबर १२८ बाइटचा असतो. तर १२८ मागा, तिथे भरा, बीडॉस (सीपी/एम चा फाइल सांभाळणारा भाग) चं फंक्शन २१ मारून रेकॉर्ड लिहा, परत १२८ मागा. लिहिताना ईआय, मागताना डीआय. मोठा बफर नको, रॅमची चिंता नको. कधी कधी १२८ मागितले तरी कमी मिळतात, तेव्हा उरलेले परत मागून रेकॉर्ड पूर्ण भरायचा, अर्धा लिहायचा नाही. शेवटच्या रेकॉर्डमध्ये उरलेली जागा हेक्स १ए ने भरा, सीपी/एम च्या टेक्स्ट फाइलचा शेवट त्यानेच ओळखतात.

उत्तरात आकड्यानंतर कोलन येतो की स्वल्पविराम हे फर्मवेअरच्या व्हर्जनवर बदलतं, म्हणून तो कागद. आधी हाताने कमांड मारून नक्की काय येतं ते बघा आणि मगच प्रोग्राम लिहा. मधेच प्लस आयपीडी ची सूचना घुसते ती पण सोडून द्यायला शिकवा. आणि कमांडला एररच आली तर फर्मवेअर जुनं आहे, जीपीआयओ० ग्राउंड करून नवीन भरावं लागेल.

पायरी ७: वाचायला काय आणायचं

इथे बहुतेक जण थेट एखादी मोठी वेबसाइट उघडायला जातात आणि तोंडावर पडतात. आजचं वेब सगळं एचटीटीपीएस आहे, पोर्ट ८० वर विचारलं तर ३०१ देऊन दुसरीकडे जा म्हणतात. ईएसपी स्वतः एसएसएल करू शकतो, टीसीपी च्या जागी एसएसएल लिहून, पण मग येणारं पान असतं दोन-तीन एमबीचं जावास्क्रिप्ट. त्याचं आपण काय करणार?

गोफर बघा. १९९१ साली मिनेसोटा युनिव्हर्सिटीत तयार झालेला प्रोटोकॉल, वेब पसरायच्या आधीचा, आणि आपल्या मशीनला अगदी मापात. पोर्ट ७० ला जोडा, काय पाहिजे त्याचं नाव आणि सीआर-एलएफ पाठवा, साधा मजकूर येतो, कनेक्शन बंद. मुखपृष्ठ पाहिजे तर नाव रिकामं, म्हणजे नुसते दोन बाइट. गोफर डॉट फ्लडगॅप डॉट कॉम हा अजून चालू असलेला प्रसिद्ध सर्व्हर आहे. सीआयपीस्टार्ट ने ७० ला जोडा, मग एटी+सीआयपीसेंड=२, पेक्षा मोठं वालं चिन्ह (>) आलं की एंटर, आपला टर्मिनल सीआर आणि एलएफ दोन्ही पाठवतोच, झाले दोन. यादी धडाधड खाली येईल. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर म्हणजे प्रकार, ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढची यादी, आणि पुढे टॅबने वेगळे केलेले शीर्षक, नाव, सर्व्हर, पोर्ट. यावर स्वतःचा गोफर ब्राउझर लिहिणं हा एका सुट्टीचा उद्योग आहे.

सीआयपीसेंड ला आकडा तंतोतंत लागतो बरं का. सीआर-एलएफ धरून मोजा. कमी सांगितला तर शेपूट तुटतं, जास्त सांगितला तर मॉड्यूल उरलेल्या अक्षरांची वाट बघत बसतं आणि आपल्याला वाटतं हँग झालं. प्रोग्राममध्ये हाताने मोजू नका, लांबी काढणारं छोटं रूटीन लिहा. माझा तिसरा रविवार.

वेबच पाहिजे असेल तर घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय मधे बसवा. त्यावर पायथनमध्ये तीस-चाळीस ओळींचा प्रोग्राम: झेड-८० ने पत्ता पाठवला की तो पान आणतो, टॅग काढून टाकतो, ८० अक्षरांवर ओळी मोडतो आणि साधा मजकूर परत देतो. कुठला थेट एचटीटीपी सर्व्हर मिळाला तर रिक्वेस्टमध्ये व्हर्जन १.० लिहा, १.१ लिहिलं तर काही सर्व्हर मजकुराचे तुकडे करून मधे हेक्स आकडे घालून पाठवतात आणि ते निस्तरायचं काम वाढतं.

याच रस्त्याने मी मराठी आणून बघितलं. सीपी/एम ला देवनागरी काय माहीत असणार, पण आपला टर्मिनल प्रोग्राम आठही बिट जसेच्या तसे पुढे ढकलतो आणि अक्षरं काढायचं काम लॅपटॉपचं टर्मिनल करतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. नमस्कार मध्ये हलन्त आणि काना धरून सात खुणा, म्हणजे २१ बाइट, आणि झेड-८० मधून ते सगळे न सांडता पलीकडे गेले. मात्र सीपी/एम ची टाइप कमांड किंवा जुने एडिटर वापराल तर भरवसा नाही, त्यातले बरेच आठवा बिट कापून टाकतात आणि पडद्यावर काहीच्या काही येतं. ओळी मोडतानाही बाइट मोजून ८० वर मोडू नका, एखाद्या अक्षराचे तीन बाइट मधेच तुटतात. मोडायचं काम पायथनकडे द्या, त्याला अक्षरं कळतात.

बाहेरून आत यायचं असेल, म्हणजे ऑफिसमधून घरच्या बोर्डावर लॉगिन वगैरे, तर ईएसपी सर्व्हर पण होतो, पण राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवू नका. सीपी/एम ला पासवर्ड ही गोष्टच माहीत नाही, जो येईल त्याला ड्राइव्ह ए चा प्रॉम्प्ट आणि फाइल पुसायची पूर्ण मुभा. घरातल्या घरात एका मशीनवरून दुसऱ्यावर खेळा.

आणि बोर्ड कुणाला द्यायचा किंवा कुठे मांडायला न्यायचा असेल तर त्याआधी एटी+रिस्टोअर मारा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मॉड्यूलच्या फ्लॅशमध्ये बसलेले असतात, पॉवर काढली तरी जात नाहीत, आणि साधा सीडब्ल्यूजेएपी पुढे प्रश्नचिन्ह लावून मारला तर निदान नाव तरी कुणालाही दिसतं. रिस्टोअरनंतर स्पीड पण परत ११५२०० होतो, तेव्हा ९६०० वर ठेवलं असेल तर ओके ऐवजी कचरा दिसला म्हणून घाबरू नका.